मागून येताना हाक मारा

थांबा! तिथेच थांबा, मागून येऊ नका. हां, आता पुढून या. मी काळी गाय बोलतेय, उत्तरेकडच्या बर्फाळ इवाते प्रांतातल्या डोंगरातली, फुसाबाईंच्या गोठ्यातली. बाकी सगळ्या लाल. भित्री मी एकटीच.

माझा जन्म दूर दक्षिणेचा. काळ्यांच्या मांसाला मान जास्त, म्हणून फुसाबाईंनी मला पैदाशीसाठी आणलं. या लाल गाईंचं मला अजून नवल वाटतं. उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या चरतात, अस्वल दिसलं तरी वासराला पाठीशी घालून उभ्या राहतात. माझं मात्र छपरावरून बर्फ घसरला तरी काळीज धस्स करतं.

इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या लाल गाईंचीच सवय. मुकाट्याने मागून यायचं, पाठीवर थाप मारायची नि कामाला लागायचं. लाल गाय मान वळवून बघतही नाही. फुसाबाईंचा दीर तोकुजी माझ्याकडेही तसाच आला. अंगावर हात पडला आणि माझा पाय उडाला. बादली एकीकडे, तोकुजी दुसरीकडे!

"वहिनी, ही काळी बया माझा जीव घेणार! अजून एक लाथ मारू दे, खाटकाच्या ट्रकमध्येच चढवतो हिला."

"अहो भाऊजी, रागीट नाही ती, घाबरट आहे. हाक मारून जात जा की."

"गाईला हाक? आत येऊ का म्हणून विचारू?"

त्या ट्रकमधून गेलेलं कोणी परत आलेलं मी पाहिलं नाही. तेव्हापासून मला माझ्या पायाचीच भीती वाटू लागली.

फुसाबाई मात्र दारातूनच ओरडायच्या, "बेको, बेको, मी आलेय गं!" बेको म्हणजे इकडे गाय. ती हाक ऐकली की अंगाची थरथर थांबायची. मग त्या ब्रशने पाठ घासत सुनेच्या कागाळ्या सांगायच्या.

एके दिवशी त्या अंगणात कोसळल्या. त्यांना दवाखान्यात नेलं. पुढे हाक नाही, ब्रश नाही. तोकुजी लांबूनच गवत फेकायचा. पानं लाल झाली आणि ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. तोकुजी चालकाला म्हणाला, "काळीचं बघू, अजून ठरवलं नाही."

त्याच दिवशी फुसाबाई घरी आल्या. त्यांची वाचा गेली होती, पण हे मला कोण सांगणार? मागून, न बोलता, एक हात माझ्या मांडीवर पडला. पाय वर गेला.

"बेको, बेको!" दारातून तोकुजी जिवाच्या आकांताने ओरडला. "वहिनी आहेत गं त्या! घाबरू नको, वहिनी आल्यात!"

पाय तसाच हवेत थरथरला आणि खाली आला. फुसाबाईंनी माझ्या कुशीला गाल टेकला. त्या रडत होत्या. ट्रक माझ्याशिवाय गेला.

आता फुसाबाई आल्या की तोकुजी दारातून हाक मारतो. एकटा आला तरी मारतो, "बेको, बेको, मी आलोय." तेव्हा त्याचा आवाज कापतो. इतके दिवस तोही मला घाबरत होता, हे मला आत्ता कळलं.

पुढच्या शरदात ट्रक पुन्हा येईल. म्हणून हात जोडता येत नाहीत तरी विनवते, मागून येताना हाक मारा. मी पाय खालीच ठेवीन. ठेवायचा प्रयत्न तरी करीन.