दुखलं की

डॉक्टरीणबाईंनी तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि यामिलेतच्या पोटावर ठेवले.

"शाळेत मैत्रीण कोण गं तुझी?"

बोलता बोलता त्यांची बोटं उजव्या कुशीत दाबून पाहत होती. पाच वर्षांच्या पोरीचा चेहरा आक्रसला नाही.

"दुखतं कुठे?"

यामिलेतने बेंबीवर बोट ठेवलं.

तिची आई ओतिलिया खुर्चीत बसून होती. ताप? नाही. उलट्या? नाही. वजन? होतं तेवढंच. उत्तरं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी तिच्या तोंडून निघत होती. मार्चमध्ये तिला मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नवरा उजाडताच कॉफीच्या मळ्यावर जाई. शेजारची म्हातारी एर्मेलिंदा शिजवलेला राजमा आणून ठेवी. तिनेच पोरीचं पोट कोमट तेलाने चोळून दिलं होतं. "अपचन गं, दुसरं काय," म्हणाली होती. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

"सकाळीच दुखतं?"

"रोज," ओतिलिया म्हणाली.

डॉक्टरीणबाई पोरीकडे वळल्या. "मग तू काय करतेस, राणी?"

"आईला हाक मारते."

"आणि?"

"आई उठते." बाईंना नीट कळावं म्हणून यामिलेतने समजावून सांगितलं, "नुसती हाक मारली तर नाही उठत. दुखतंय म्हटलं की उठते."

बाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं. ओतिलियाने मान वळवली नाही.

"म्हणजे खोटं बोलते ही?"

"नाही गं. खरंच दुखतं तिला." बाईंनी चिठ्ठी लिहिली. "लघवी, जंत तपासून घेऊ. ताप आला किंवा दुखणं उजवीकडे सरकलं तर तडक घेऊन ये. आणि तू? तू काय खाल्लंस आज?"

ओतिलियाला आठवेना.

दुसऱ्या दिवशी यामिलेतला जाग आली तेव्हा आई तिच्या उशाशी बसलेली होती. केस विंचरलेले नव्हते, डोळे कोरडेच होते. पोर गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पोट चाचपलं.

"आई, अजून दुखायला नाही लागलं गं," ती हळूच म्हणाली, जणू चूक झाली होती.

"नसू दे," ओतिलिया म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.