एका खेपेला एक टाका

समजा, तुम्ही समुद्राकाठच्या एका उंच कड्यावर उभे आहात. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? मागे पडका किल्ला आहे. छत कधीच उडालेलं, खिडक्यांतून आरपार आभाळ दिसतंय. पुढे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे खोल खाली फेसाळणारं पाणी. दिसलं? आता त्या भिंतीपाशी एक मुलगी उभी करा. तिच्या नाकाचा शेंडा रागाने लाल झालाय. घरात तिला ठिणगी म्हणतात, ते उगाच नाही.

तिचे आजोबा शिंपी. उसवलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. ही भिंत एके ठिकाणी ढासळली होती. म्हणून इथे फिरायला आले की ते दर खेपेला घरंगळलेला एक दगड उचलायचे आणि नातीच्या मदतीने जागी बसवायचे. "एका खेपेला एक टाका," म्हणायचे. "घाई केली की शिवण सुटते."

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ते पायथ्याशी गाडीतच बसले. "माझ्या वाटचा टाका तू घाल," असं त्यांनी सांगितलं, म्हणून ठिणगी मामाबरोबर वर आली होती. चांगलासा दगड शोधत ती बराच वेळ बुरुजामागे रेंगाळली. परत येऊन बघते तर काय, गेल्या खेपेला दोघांनी बसवलेला तांबड्या रेघेचा दगड गायब! तिथे नुसतं भगदाड. मामाही गायब.

ती पायवाटेच्या बाजूला धावली आणि खाली पायथ्याकडे पाहिलं. मामा गाडीच्या डिकीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ठेवत होता.

ती पायवाटेने धावत सुटली.

"मामा, तो दगड आमचा आहे!"

"तुझं नाव लिहिलंय का त्याच्यावर?" मामा हसला. "बागेतल्या नळाखाली असा चपटा दगड हवाच होता मला. किल्ला पडलेलाच आहे, ठिणगे. एक दगड गेला म्हणून काय समुद्रात बुडणार आहे?"

"आम्ही बसवला होता तो!"

"मलाही लहानपणी बाबांनी असेच दगड उचलायला लावले. पाठ मोडून घेतली, भिंत आहे तशीच. विचार त्यांना."

ठिणगीने गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. "आजोबा, सांगा ना त्याला!"

आजोबा समोरच्या काचेकडे बघत राहिले. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "दगडच तो. कशाला भांडायचं?"

आता मात्र ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामाचं एक वेळ ठीक, त्याला काय त्याचं! पण ज्यांनी शिकवलं, त्यांनीच म्हणावं 'दगडच तो'? मग इतकी वर्षं दोघं काय नुसती भातुकली खेळत होती?

"उसवलं तर उसवू दे, असं गिऱ्हाइकाला सांगता का तुम्ही?" ती ओरडली. आवाज चिरकला. आजोबांनी मान खाली घातली.

"तोंड फार चालतं हिचं," मामा म्हणाला आणि पुढच्या सीटवरून पाण्याची बाटली घ्यायला वळला. डिकी उघडीच होती. किल्ली कुलपाला लटकत होती.

ठिणगीने किल्ली काढून दातांत धरली, दगड पोटाशी कवटाळला आणि ती वर निघाली. मागून मामाच्या हाका आल्या, आजोबांचीही एक आली. ती थांबली नाही. हात भरून आले की दगड गुडघ्यावर टेकवायचा, बोटं झटकायची, की पुन्हा चालायला लागायचं. वर पोहोचून तिने तो भगदाडात बसवला. डगमगला, तेव्हा आजोबा लावायचे तशी खाली दगडाची एक कपची ठोकली.

मामा धापा टाकत आला, तेव्हा किल्ली तिच्या मुठीत होती.

"दे इकडे!"

"देते. आधी एक दगड उचल," ठिणगी म्हणाली. "आजोबांच्या वाटचा टाका अजून राहिलाय."

आणि खाली पडलेल्यांतला सगळ्यात जड दगड तिने पायाने दाखवला.