पाझर की गळती?

मित्रांनो, मी बोरीजवळची एक जुनी टेकडी आहे. आजूबाजूचे सगळे डोंगर काळ्या दगडाचे, मी एकटीच चुनखडीची. लहानपणी तर मी टेकडीही नव्हते, तळ्याचा गाळ होते. त्या तळ्यातल्या गोगलगायींचे शंख अजून माझ्या अंगात आहेत. मुले ते बोटाने चाचपायची तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या.

पाणी माझ्यात मुरते, चुना विरघळवते आणि आपली वाट काढते. अशाच एका वाटेने माझ्या कपारीतून पाझर निघाला. धार करंगळीएवढी, पण भर मे महिन्यातही आटली नाही. साळिंदर, वटवाघळे, पायथ्याच्या गावातल्या सरजाबाईच्या शेळ्या, सगळी तिथेच पाणी पीत. शेळ्यांवरच सरजाबाईचे पोट. दर उन्हाळ्यात ती कपारीतला गाळ हाताने काढायची.

पुढे त्या शंखांसाठी सरकारने मला 'संरक्षित' केले. फार कौतुक झाले. कुंपण आले, पाटी आली : 'दगडाला हात लावणे गुन्हा आहे.' चुन्यासाठी मला फोडणारे थांबले, म्हणून मी खूश होते. शेळ्यांना पाण्यापुरती वाटही ठेवली होती. पण पाहणीला आलेल्या साहेबांनी कपारीपाशी ओल पाहिली आणि कागदावर लिहिले, 'गळती'. गळती म्हटल्यावर दुरुस्ती आलीच. माणसे आली आणि माझ्याच भल्यासाठी कपारीत सिमेंट भरून गेली. मला ओरडता आले नाही. माझे तोंड म्हणजे तेवढीच एक कपार, आणि तीच बुजली.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई पहार घेऊन आली. राखणदार धम्मदीप तिच्याच गावचा, लहानपणी इथलेच पाणी प्यायलेला. साहेबांनी 'गळती' लिहिल्यापासून त्याने वरच्या कचेरीत दोनदा अर्ज पाठवला होता, उत्तर आले नव्हते.

"ही गळती न्हाई रे बाबा, पाझर हाय. येक घाव घालू दे," ती म्हणाली.

"मला बी कळायलंय, मावशी. पर कागदावर गळती लिवलंय. हात लावला तर तुमच्यावर केस हुईल, अन् माझी नोकरी बी जाईल."

तिने पहार खाली ठेवली आणि सिमेंटला कान लावला. आत पाणी वाजत होते. शेळ्या कोरडा दगड चाटत राहिल्या. धम्मदीप मान खाली घालून उभा होता. त्याचा मला राग आला नाही.

मित्रांनो, मला जरूर जपा. पण जपण्याआधी माझ्यापाशी रोज येणाऱ्या माणसाला एकदा विचारा. काल सरजाबाईने शेळ्या जिंतूरच्या बाजारात विकायला नेल्या. पाणी माझ्या पोटात आहे, आणि मला ते तिला देता येत नाही.