ओड्यात जायचं

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना कुठे न्यायचं, हा प्रश्न हर्षदीप गुरुजींना मार्चपासूनच छळत होता. आदिलाबादजवळच्या कुंतला धबधब्यावर गेलं की त्यांची बायको वृषाली कोणत्या दगडावर बसून केस पुसत होती, तो दगड दिसायचा. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलं की तिनं चपला कुठे काढल्या होत्या, ते आठवायचं. चंद्रपूर, हैदराबाद, सगळीकडे ती आधीच येऊन बसलेली असायची. तिला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं आणि गुरुजींना अजून एकही जागा सापडली नव्हती जिथे ती नाही.

म्हणून तेजस्विनीनं मोबाइल समोर धरून "पप्पा, हे बघा, क्रूझ. मुंबई ते गोवा, जाऊन-येऊन" असं म्हटलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हेच सुचलं की समुद्र वृषालीनं कधी पाहिला नव्हता. आणि मग दुसरी गोष्ट सुचली. जहाजावरून कोणी रुसून मधेच घरी जाऊ शकत नाही. तिथे तिन्ही लेकरं एका खोलीत, त्यांच्याजवळ राहतील.

तिन्ही म्हणायचं ते दामिनीसाठी. सतरा वर्षांची तेजस्विनी आणि अकरा वर्षांचा प्रितम आदिलाबादला गुरुजींसोबत राहत. धाकटी दामिनी साडेपाचची. वृषाली गेली तेव्हा भागीरथाबाईंनी, म्हणजे वृषालीच्या आईनं, तिला उचलून बेल्याकडे आपल्या गावी नेलं होतं. "तुमाले शाळा हाय, घर हाय, ही लहान हाय. राहू द्या माझ्यापाशी थोडे दिवस." थोडे दिवस लांबत गेले. आता दामिनी गावच्याच शाळेत जात होती. दर रविवारी गुरुजी भेटायला गेले की ती पाहुण्यासमोर उभी राहावी तशी उभी राहायची. जूनपासून तिला आदिलाबादच्या शाळेत घालायचं, हे गुरुजींनी ठरवलं होतं, तेजस्विनीच्या कानावरही घातलं होतं. सासूबाईंना सांगायची हिंमत मात्र होत नव्हती. क्रूझवर चार दिवस ती आपल्यात रमली तर सांगणं सोपं जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

"ठरलं," ते म्हणाले. "जाऊ."

तेजस्विनी एवढ्या लवकर होकाराला तयार नव्हती. "थांबा, माझ्या अटी आहेत. मी इंटरला आहे, कॉलेजात. तिथं मी कोणाची आया नाही. दामूला आंघोळ घालणं, प्रितमला शोधणं, हे काही मी करणार नाही. एक संध्याकाळ मला एकटीला डेकवर बसायचंय."

"एकटी काऊन? समुद्रात उडी मारते का?" प्रितम म्हणाला.

"तुझी बडबड आयकून मारीन."

"पप्पा, तिथं पोहायचा हौद हाय. घसरगुंडीवाला. आन जेवण कितीबी घ्या म्हणते. मले एकच सांगा, उलटी आली त कुठं करायची?"

"समुद्र एवढा मोठा हाय," गुरुजी म्हणाले. "त्याले काय फरक पडते?"

घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसले. शाळेत बातमी पोचायला एक दिवस पुरला. मधल्या सुट्टीत चंपतराव सर चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. "गुरुजी, क्रूझ म्हंजे त्याच्यात लोक नाचतात ना हो? तुमी नाचान काय?" गुरुजी म्हणाले, "पोट्ट्यायच्या मागं पळता पळता नाचणंच होते." चंपतरावांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते दोघाचौघांना सांगितलं.

दामिनीला व्हिडिओ कॉलवर सांगायचं काम प्रितमनं अंगावर घेतलं. ती आजीच्या मोबाइलमध्ये नुसतं कपाळ दाखवत बोलायची.

"दामू, आपण क्रूझमध्ये जायचं."

"ते काय असते?"

प्रितमनं डोकं खाजवलं. मग त्याला शाळेतलं तेलुगूचं पुस्तक आठवलं. आपल्याकडे तेलंगणात मराठी घरातल्या लेकरांनाही शाळेत तेलुगू अक्षरं गिरवावीच लागतात. "तुझ्या तेलुगूच्या पुस्तकात 'ओ'चं पान काढ. काय चित्र हाय?"

थोडा वेळ नुसतं कपाळ दिसलं, मग तेही गेलं. लांबून आवाज आला, "ओडा!"

"हां. तेच. मोठ्ठा ओडा. त्याच्यात जायचं."

तेलुगूत जहाजाला ओडा म्हणतात. दामिनीनं विचारलं, "तिथं मांजर असते काय?" आणि उत्तर येण्याआधीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सासूबाईंना फोन लावला. कसं बोलायचं याची त्यांनी अंगणात चकरा मारून तयारी केली होती. ती वाया गेली.

"जय भीम, आई. ते दामिनीनं सांगतलं काय तुमाले?"

"जय भीम. सांगतलं ना. ओड्यात जायचं म्हणून कालपासून नाचून राह्यली. न्या ना मग. त्यात इचारायचं काय?"

गुरुजींचा विश्वासच बसेना. "तुमाले चालते ना?"

"मले काऊन चालनार नाही? बापच नेऊन राह्यला. फक्त पान्यापाशी तिचा हात सोडू नका."

"नाही सोडत."

"पानी तरी कुठं उरलं म्हना. घोट्याएवढं असन."

सासूबाई अशी थट्टा करतात हे गुरुजींना माहीत नव्हतं. ते मोठ्यानं हसले.

"जेवनाचं मी पाहतो," त्या म्हणाल्या.

"नाही आई, जेवण तिथंच मिळते. दिवसातून पाच-सहा वेळा."

"पाच येळा! कोन वाढून ठेवलं तिथं तुमच्यासाठी?" आता त्याही हसल्या. फोन ठेवल्यावर गुरुजी म्हणाले, "आजी तयार हाय. तेजू, बुकिंग कर." तेजस्विनीनं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं, पण बुकिंग केलं.

रविवारी दामिनीचं आधार कार्ड आणायला आणि तिच्या चपलांचं माप घ्यायला तिघं मोटारसायकलवर गावाला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतं मोकळी झाली होती. कपाशीच्या पऱ्हाटीचे ढीग बांधावर पडले होते. प्रितम मधे बसून बोलत होता आणि त्याचं निम्मं वारा घेऊन जात होता.

घरी पोचले तर भागीरथाबाई डोक्याला पदर बांधून तयार. ओट्यावर डबा, पाण्याची कॅन, एक जुनी चादर. दामिनी जुन्या फ्रॉकमध्ये, पायात काही नाही.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "ऊन चढाच्या आत जाऊन येऊ."

"कुठं?" गुरुजींनी विचारलं.

"कुठं म्हंजे? ओड्यावर. तुमीच त म्हनले."

आधी तेजस्विनीच्या लक्षात आलं. ती कपाळावर हात मारून ओट्यावर बसली. "पप्पा! ओढा! आजी ओढ्याला ओडा म्हणते!"

बेल्याकडच्या बोलीत ओढ्याचा ओडा होतो, हे वर्गात दरवर्षी पोरांच्या वह्यांत तांबड्या शाईनं दुरुस्त करणाऱ्या गुरुजींना कळायला हवं होतं. नातीच्या तोंडचं तेलुगू जहाज आजीच्या कानात पोचेपर्यंत शेताजवळचा ओढा झालं होतं. आणि दोघांनी फोनवर एकमेकांशी अगदी समाधानानं बोलणं केलं होतं.

प्रितम पोट धरून हसत होता. "घोट्याएवढं पानी! आजी, समुद्र हाय तो!"

भागीरथाबाई हसल्या नाहीत. "समुद्र? कोनता समुद्र?"

गुरुजींनी सांगितलं. मुंबई, जहाज, तीन रात्री.

"तीन रात्री? पान्यावर? या एवढ्याशा पोरीले घेऊन? जावई, तुमाले काही समजते काय?"

"आई, मोठं जहाज असते. आपल्या गावाएवढं."

"गाव पान्यात बुडत नाही."

तोवर प्रितमचं हसणं ओसरलं होतं. तो सहज म्हणाला, "आन आल्यावर दामू आदिलाबादलाच राहीन ना पप्पा? तुमी ताईला म्हणत होते ना, जूनपासून आपल्या शाळेत."

तेजस्विनीनं त्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता. भागीरथाबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"असं हाय होय," त्या म्हणाल्या. "मंग जहाजाचं कारन काऊन सांगता? सरळ सांगा ना, पोरगी नेतो म्हून."

"सांगणारच होतो, आई."

"कवा? समुद्रातून?"

भागीरथाबाईंनी डबा उचलला. "सैपाक केला हाय. वाया घालवाचा नाही. चला."

म्हणून सगळे ओढ्यावर गेले. दामिनी सोडून सगळे खाली मान घालून चालत होते. ती पुढे पळत होती आणि मागे वळून सगळ्यांना रस्ता दाखवत होती. पाणी खरंच घोट्याएवढंच होतं, वाळूतून एका कडेनं वाहत होतं. पळसाखाली चादर अंथरली. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदे.

जेवणं झाल्यावर प्रितम आणि दामिनी वाळूत उतरले. प्रितमनं बांध घालायला घेतला. दामिनीनं त्यात दगड आणून टाकले. प्रितम म्हणाला, तुझा दगड चुकीच्या जागी आहे. दामिनी म्हणाली, माझा दगड आहे, माझ्या जागी आहे. त्यानं काढला, तिनं परत ठेवला. त्यानं लांब फेकला. त्यासरशी ती अशी ओरडली की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले.

"पप्पाऽ! दादाले सांगा नाऽ! माझा गोटा फेकला!"

"मी नाही फेकला, तो वाहून गेला!"

"खोटं बोलून राह्यला! पप्पा, मारा त्याले!"

गुरुजी पायजमा वर करून पाण्यात गेले. तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकली. प्रितमला तोच दगड शोधून आणायची शिक्षा दिली. हा तो नाही, म्हणून दामिनीनं त्याला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. तेजस्विनी सावलीत पडून होती, ती म्हणाली, "जहाजावर हेच चालू राहणार. मला वेगळी खोली पाहिजे." दामिनी तिकडून ओरडली, "तू गप वं ताई!"

भागीरथाबाई चादरीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. गुरुजी परत येऊन शेजारी बसले तेव्हा त्या पाण्याकडेच पाहत होत्या.

"एवढा मोठा आवाज हाय इचा," त्या म्हणाल्या, "मले माहीतच नोतं."

"शाळेत ओरडत असन."

"घरी कवा नाही. रडत नाही, हट्ट नाही, भांडत नाही. मी बायांले सांगत फिरतो, माझी नात लय गुनाची." त्यांनी चादरीवरची वाळू झटकली. "भांडन कोनाशी? घरात मी एक म्हातारी. माझ्याशी काय भांडन ते लेकरू?"

पाण्यात तिसरा का चौथा दगड नापास होत होता.

"वृषा अशीच होती," भागीरथाबाई म्हणाल्या. "भावायले सळो की पळो करे."

"मलेबी," गुरुजी म्हणाले.

त्या एकदम हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग त्यांनी आवाज कडक केला. "येनी घालता येते काय पोरीची?"

"नाही."

"मंग? पोरगी नेता, आन येनी येत नाही?"

"ताई घालीन," गुरुजी म्हणाले.

"ताई नाही घालणार," सावलीतून आवाज आला. "ताईनं सांगितलंय. तुम्ही शिका, मी बघते."

दामिनीला बोलावलं. ओल्या फ्रॉकनं ती गुरुजींच्या पुढ्यात बसली. भागीरथाबाईंनी तीन पेड कसे धरायचे ते दाखवलं. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा मधेच जाड झाली. "ओढू नका ना!" दामिनी दर वेळी म्हणायची. शेवटी एक वेणी झाली, ती डाव्या खांद्याकडे वळलेली. तेजस्विनीनं फोटो काढला.

दामिनीनं हात मागे नेऊन चाचपलं. "आजीसारखी नाही झाली."

"नाही झाली. सोडू काय?"

तिनं विचार केला. "राहू द्या," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे पळाली.

उन्हं कलल्यावर घरी आले. भागीरथाबाई आत गेल्या आणि बराच वेळ आतच होत्या. गुरुजी मोटारसायकलजवळ उभे होते. आज काही विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आधार कार्डही मागायचं नाही. बुकिंग रद्द करायला लागलं तर करू.

भागीरथाबाई बाहेर आल्या त्या एक पिशवी घेऊन. "चौघं बसता काय गाडीवर?"

"प्रितम आणि तेजू बसनं येतील," गुरुजी म्हणाले. "आई, चारच दिवस. आवडलं नाही त मी आणून सोडतो."

"पकडा," त्या म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

पिशवी जड होती. वर आधार कार्ड, मग फ्रॉक, चड्ड्या, तेलाची बाटली. आणि तळाशी, घड्या घालून दाबून बसवलेलं, लाल लोकरीचं स्वेटर आणि कानटोपी. एप्रिल महिना, अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

गुरुजींनी स्वेटरवर हात ठेवला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

भागीरथाबाई दामिनीला चप्पल घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आदिलाबादले थंडी लय पडते," त्या म्हणाल्या.