तीसला एक कमी

कात्री कापडाला लावणार तोच आत्याचा हात थांबला. वहीत पोस्टमनच्या पॅन्टचं माप होतं: कंबर ३९, उंची ४९. पोस्टमन म्हणजे अंगावर मूठभर मांस नसलेला माणूस. ही पॅन्ट त्याने गळ्यापर्यंत ओढली असती तरी पायात लोळली असती.

सकाळी आत्या दोरा आणायला गेली होती तेव्हा तो स्वतःच माप सांगून गेला होता. ते उतरवून घेतलं होतं तिच्या भाचीने. लहानपणी दुकानात बसून बटणांचे ढीग वेगळे करायची, म्हणून तिला सगळे बटणच म्हणत.

बटण यंदा सातवीत गणितात आपटली होती. पाढे विचारले तर तीसपर्यंत धडाधड म्हणायची, पण कागदावर उत्तरं भलतीच यायची. गणिताच्या बाई उदाहरणं तोंडीच सांगत. त्यांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, ‘पाढे तोंडपाठ, समज शून्य.’ नेमकं बिनसतंय कुठे, हे कुणालाच उमगत नव्हतं. बटणला तर मुळीच नाही. ती बिचारी दरवेळी पेपर चांगला गेला म्हणूनच घरी यायची.

दुकानात मात्र तिची चूक शोधून सापडत नसे. आत्या मापं पुकारायची आणि बटण लिहायची. आत्याची पुकारण्याची तऱ्हा जरा निराळी होती. कंबर तीसला एक कमी, पडदा पन्नासला एक कमी. तो एक इंच कुणाला दान केलात, टेलरबाई, अशी गिऱ्हाइकं चेष्टा करत आणि आत्या हसून सोडून देई.

कालच आत्याचा भाऊ, म्हणजे बटणचा बाप, येऊन सांगून गेला होता की शनिवारच्या फेरपरीक्षेतही पोरगी घसरली तर शाळा बंद, मग तुझ्याकडेच बसव तिला. आत्याने नको नको म्हटलं खरं, पण भावाची पाठ वळताच कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनवरची धूळ पुसून त्यात तेल घातलं. एकटीने दुकान ओढून तिचे खांदे भरून आले होते.

“बटण, पोस्टमनकाका नक्की काय बोलले?”

“कंबर एकोणतीस, उंची एकोणचाळीस.”

“आणि तू काय लिहिलंस?”

बटणने ३९ वर बोट ठेवलं. “एकोणतीस.” मग ४९ वर. “एकोणचाळीस.”

तिच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. आत्याने आकडे पाहिले आणि गंमत अशी, की क्षणभर तिलाही ते बरोबरच वाटले. एकतीस, बत्तीस, तेहेतीस, सगळी एकाच घरातली भावंडं. मग एकट्या एकोणतीसने शेजारच्या घरात का राहावं? तिने जुन्या वहीतलं पोस्टमनचं पान काढलं. तिथे टेपवर बघून लिहिलेले तिच्याच हातचे आकडे होते, २९ आणि ३९. बटणची दोन्ही मापं बरोबर दहाने जास्त होती.

 आत्याने जुन्या मापाने पॅन्ट बेतली, कापली आणि शिवायला घेतली. न बोलणं सोपं होतं. शनिवार आला तसा गेला असता, सोमवारपासून दुसरं मशीन सुरू झालं असतं आणि आत्याला कुणी नावंही ठेवली नसती. शिलाई दोनदा तिरकी गेली आणि दोन्ही वेळा तिने ती उसवली. समोर बटण रिळं लावता लावता पुटपुटत होती, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस. आत्याने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

“इकडे ये. हा टेप धर. तोंडाने म्हण आणि बोटाने चाल. तीसपासून.”

बटण चालू लागली. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. बोट ३९ वर होतं. ‘चाळीस’ म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

“आत्या, हा टेप चुकलाय.”

“टेप नाही गं चुकत.”

बटणने पुन्हा तीसपासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्या खेपेला तिला रडू फुटलं.

“मग हे मला कुणी सांगितलं कसं नाही?”

आत्याने खाली मान घालून सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या जाईना.

शनिवारपर्यंत आत्या रोज टेप धरायची आणि बटण त्यावर चालायची. बटणचे पाढे कागदावर हळूहळू ताळ्यावर आले. अपूर्णांकांत मात्र ती पडायची ती पडतच होती.

पुढच्या आठवड्यात भाऊ बटणला घेऊन दारातूनच बोलत आला.

“ताई, एकोणसाठ पडले हिला. बाईंनी पेपर दोनदा तपासला म्हणे. मला तर काही कळेनासं झालंय.”

शाळा चालू राहील ना, एवढंच आत्याने विचारलं. तो हो म्हणाला आणि कामावर गेला. आत्याला इतका आनंद झाला की समोर पसरलेल्या कापडावरच तिने खडूने मोठ्ठा आकडा काढला, ६९.

बटण आकड्याकडे बघत राहिली, मग आत्याकडे. आत्याने सातवीतून शाळा सोडली ती शिवणाची आवड होती म्हणून, असं घरात सगळे सांगत.  खुंटीवरचा टेप काढून बटणने आत्याच्या हातात दिला.

“पन्नासपासून. तोंडाने म्हण आणि बोटाने चाल.”

“मला शिकवतेस होय?”

“म्हण तर.”

आत्याने घसा खाकरला. एक्कावन्न, बावन्न. इतक्या वर्षांत ती असं मोठ्याने मोजत गेली नव्हती. सत्तावन्न, अठ्ठावन्न. पुढचा शब्द तिने अगदी हळू उच्चारला. बोट ५९ वर होतं. टेप संपायला एक इंच बाकी होता.

“आमच्याही बाई तेच लिहायच्या,” आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “पाढे तोंडपाठ, समज शून्य.”

बटणने बाहीने कापडावरचा सहा पुसला, खडू उचलला आणि तिथे पाच लिहिला.