ओडेलचा ट्रक कुंपणापलीकडे गेला त्याची गोष्ट

विमा नसताना गाडी चालवली म्हणून ट्वायलाचं लायसन गेलं. दंडापायी गाडी विकावी लागली. आता लायसन परत हवं तर सरकार म्हणतं, विम्याचा कागद दाखवा. कशाचा विमा? गाडी तर गेली. पण आमच्या केंटकीत त्यावरही तोड आहे: दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या, स्वतःची गाडी नसलेल्या माणसाचा विमा.

घाई होती ती तिच्याच घरात राहणाऱ्या भावासाठी. ओडेलला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, चाळीस मैल. वर्षभर शेजारीण म्हणून मीच नेत होते, पण पुढल्या सोमवारपासून मला शाळेच्या स्वयंपाकघरात पहाटेची नोकरी लागली होती. चर्चमधल्या लोकांनी वार वाटून गाड्या देऊ केल्या. चालवायला मोकळं माणूस एकच, ट्वायला.

आम्ही दोघी विम्याच्या ऑफिसात गेलो; तिथे गॅरेट बसतो. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत ट्वायलाच त्याला शिकवायची.

"मिस ट्वायला, घरात कुणाच्या नावावर एखादी गाडी आहे?" त्याने विचारलं, आणि 'नाही म्हणा' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"आहे. ओडेलचा ट्रक."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"चालतो?"

"एकोणीस वर्षांपूर्वी चालायचा. इंजिन नाही. आत कोंबड्या राहतात."

"चाकं?"

"दोन आहेत. कोठाराच्या मागे."

गॅरेटने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "अर्जात कोंबड्यांचा रकाना नाही. घरात गाडी असली की हा विमा मिळत नाही. मिस ट्वायला, जरा आठवून बघा, नसेलही ट्रक."

"गॅरेट, खोटं बोलणाऱ्याचं काय होतं म्हणून मी तुला शिकवलं होतं?"

"त्याला विमा मिळतो," मी म्हटलं. "ट्रक मोडीत काढा नाहीतर घरच्या नावावरून उतरवा, मग या," गॅरेट म्हणाला.

ओडेलला सांगितलं तर तो म्हणाला, "ट्रक भंगारात जाणार नाही. इंजिन मिळालं की उभा राहतो की नाही बघा." त्याच ट्रकात बसून त्याने इर्माला मागणी घातली होती. त्याची ती बायको वारून सहा वर्षं झाली.

"मग डायलिसिसला कोंबडीवर बसून जा," ट्वायला म्हणाली, आणि आत जाऊन मक्याच्या पावाचं पीठ कालवायला लागली. जरा जास्तच जोरात.

ओडेल पायरीवरून उठला. मग कुंपणाशी आला. "तुझ्या नावावर करतो," मला म्हणाला. "नावापुरता. कोंबड्या माझ्या. आणि समोरच ठेव, माझ्या खिडकीतून दिसला पाहिजे."

रविवारी प्रार्थना झाल्यावर आठ पुरुषांनी चांगले कपडे घालून तो ट्रक ओंडक्यांवरून ढकलत माझ्या अंगणात आणला. पाद्रीबुवांची विजार फाटली. एकही कोंबडी खाली उतरली नाही. सोमवारी ट्रकाचे कागद माझ्या नावावर झाले, ट्वायलाला विमा मिळाला, कागद दाखवल्यावर लायसनही मिळालं.

दुपारी गॅरेटचा मला फोन. "आता तुमच्या घरात एक गाडी वाढली. नियमाने विचारावं लागतं, ती वापरतं कोण?"

"अकरा जणी."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "गाडी चालवायच्या वयाची, सोळा वर्षांवरची कुणी आहे?"

"नाही."

"देवाची कृपा," म्हणाला आणि फोन ठेवला.

मंगळवारी पहाटे माझ्या गाडीची पाळी; शाळा जवळच, मी पायी निघत होते. ट्वायला चाव्या घेऊन बसली. ओडेल आधी ट्रकाकडे गेला, आत हात घालून दोन अंडी काढली, माझ्या खिडकीत ठेवली. ट्रकाच्या दारावर थाप मारली, म्हाताऱ्या बैलाला थोपटतात तशी. मग सावकाश येऊन गाडीत बसला आणि पट्टा लावला.

"हळू चालव," तो बहिणीला म्हणाला. "गाडी आपली नाही."