साठ म्हणजे साठ

मशीन स्वयंपाकघराच्या मधोमध उभं होतं आणि ओट्याखालच्या जागेत जायला तयार नव्हतं. बसवायला आलेल्या माणसानं दोनदा सरळ ढकलून पाहिलं, एकदा तिरकं करून पाहिलं, मग कमरेचा लोखंडी टेप काढून जागेला लावला आणि म्हणाला, "एकोणसाठ भरतंय, वहिनी. मशीनला साठ लागतात."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. बाहेरच्या खोलीत शिवणकाम करतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि बावीस वर्षांत माझ्याही तोंडात तेच बसलंय.

"साठ म्हणजे साठ," मास्तर म्हणाले. "मी स्वतः मोजलंय."

आमच्या घरात हे वाक्य आलं की विषय संपतो. मास्तरांचं बाकी काहीही चुकेल. दूध उतू जाईल, किल्ली हरवेल, माझा वाढदिवस तर दरवर्षी हरवतो. पण माप चुकायचं नाही. त्यांच्या गळ्यात तो पिवळा मेणकापडी टेप असतो, त्यांना शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी शिकवणी संपल्यावर दिलेला. दुसऱ्या टेपला ते हात लावत नाहीत. कापडवाल्याकडून मीटरभर कापड आणलं की घरी मोजून मला दाखवतात, "बघ, सेंटिमीटरभर जास्तच देतो. दिलदार माणूस."

हे भांडी घासायचं मशीन आमच्याकडे हौसेनं आलेलं नव्हतं. माझ्या हातांसाठी आलं होतं. मी रफू करते. जळलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली विजार. त्याच कापडाच्या आतल्या बाजूचा धागा काढायचा आणि भोक असं विणायचं की मालकालाही शोधून सापडू नये. लोकांना वाटतं, हे डोळ्यांचं काम. पण ते बोटांच्या टोकांचं असतं. सहा महिन्यांपूर्वी माझी टोकं फुटायला लागली. आधी कोरडी पडली, मग चिरा गेल्या, मग चिरांतून रक्त. रेशमाला हात लावला की धागा कातडीतच अडकायचा. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की साबण-पाणी पूर्ण बंद. असंच चालू राहिलं तर कातडी जाड होईल, मग टोकांना धागा लागणार नाही, आणि एकदा गेलेला स्पर्श परत येईल याची खात्री नाही.

रबरी हातमोजे घालून पाहिले. आत घाम धरला आणि हात आणखी चिघळले. मग मास्तरांनी भांडी घासायला घेतली. हे मी आवर्जून सांगते, नाहीतर लोक म्हणतील, काय माणूस आहे. पण ते भांडी अशी घासायचे की जणू भांड्याला दुखेल. ताटाच्या कडेला तेल तसंच. सासूबाई पेल्याचा वास घ्यायच्या आणि काही न बोलता खाली ठेवायच्या. त्यांचं ते न बोलणं मला सहन व्हायचं नाही. मास्तर बाहेरच्या खोलीत कामाला बसले की मी सगळं पुन्हा घासून काढायची आणि संध्याकाळी हात पदरात लपवायची. एक दिवस पकडली गेले. मास्तर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्याखालचं जुनं कपाट उखडून टाकलं, गळ्यातला टेप काढून जागा मोजली आणि मशीन सांगून आले.

आणि आता ते मशीन उभं होतं, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ओटा पेलणारा उभा दगड, आणि मध्ये एक सेंटिमीटर कमी.

"तुमची पट्टी तापून वाढली असेल," मास्तर त्या माणसाला म्हणाले. "लोखंड तापलं की वाढतं."

"मास्तर, पट्टी वाढली असती तरी एवढी कशी वाढेल?" तो म्हणाला. माणूस सज्जन होता. "एकच सेंटिमीटर कमी आहे. पण कमी म्हणजे कमीच."

एकच सेंटिमीटर. ते ऐकलं आणि माझी नजर मास्तरांच्या गळ्यातल्या टेपवर गेली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मास्तर बाहेर गेले होते आणि मी त्यांचे कपडे इस्त्री करत होते. टेप टेबलावर पडला होता, त्याच्या टोकावर इस्त्री टेकली. टोक करपलं, सुरकुतलं. घरात नवी होते मी. मास्तरांना अजून नीट ओळखतही नव्हते, पण त्या टेपला ते देवासारखं जपतात एवढं कळलं होतं. मी टोकाची पितळी टोपी पक्कडीनं काढली, करपलेला सेंटिमीटरभर तुकडा कापला, कड शिवली आणि टोपी पुन्हा दाबून बसवली. असं बसवलं की कुणाला कळलं नाही. आज कळत होतं. त्या टेपवर एकोणसाठ मोजलं की साठ वाचलं जातं.

कपड्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, हे मी लगेच मनाशी पडताळून पाहिलं. अंगाचं मापही त्याच टेपनं, कापडही त्याच टेपनं. इकडे एक जास्त वाचलं, तिकडेही एक जास्त वाचलं, फिट्टंफाट. थोडंफार उरलंच तर कपडा अंगावर घालून पाहताना सैल केला जायचा. एकवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची विजार घट्ट झाली नव्हती. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

पण मी बोलले नाही. आता खरं सांगायचं तर भीती वाटली म्हणून नाही. सांगितलं असतं तर मास्तर हातातलं काम टाकून टेप घेऊन बसले असते, मग वाद, मग रुसवा. आणि तो माणूस म्हणत होता, "मला फोडाफोडीची परवानगी नाही. काही करायचं तर तुम्ही करा, मी चारपर्यंत थांबतो. नाहीतर मशीन गाडीत परत जाईल, पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळते." दोन महिने. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. मला मशीन हवं होतं. बाकी कशाशीही मला देणंघेणं नव्हतं.

"दगड सरकवला तर?" मास्तरांनी विचारलं.

"सिंक त्याच्यावर बसलंय. दगड हलला तर ओटा खाली."

"मशीनच्या बाजूचं ते जाड कापड काढलं तर?"

"आवाज फार येईल, आणि मिळतील दोन मिलिमीटर."

सासूबाई दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. "साबण लावा," त्या म्हणाल्या. "माझी अंगठी साबणानंच निघते."

"अंगठी निघते, आजी. हे जायचंय."

शेवटी भिंतच उरली. टाईल्स आणि त्यामागचा सिमेंटचा थर मिळून सेंटिमीटरच्या वर जागा निघेल, असा हिशेब तिघांनी केला. अडचण एकच होती. त्या भिंतीतून नळाची पाइपलाइन जाते, आणि ती नक्की कुठून जाते हे सांगणारा प्लंबर केव्हाच वारला. मास्तरांनी छिन्नी घेतली, गुडघ्यांवर बसले आणि आडवे होऊन त्या खोबणीत शिरले. नुसते पाय बाहेर. प्रत्येक ठोक्याला मी श्वास धरून ठेवत होते. पाइप फुटला असता तर घरात पाणी, मशीन परत, आणि ते पाणी पुसायलाही मीच.

बाराच्या सुमारास दारात इस्पितळाच्या भांडाराचा माणूस आला. नर्सच्या पांढऱ्या कोटांची ऑर्डर न्यायला. एकशे चाळीस कोट. आमच्या घरात एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. महिनाभर मास्तर बेतत आणि शिवत होते, आणि बटणं मी लावली होती, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून.

"तू दे गं," मास्तर ओट्याखालून ओरडले. त्यांचा आवाज धुळीनं भरला होता.

मी गठ्ठे मोजून दिले. भांडाराच्या माणसाकडे छापील यादी होती, कोणत्या आकाराचे किती, छाती किती, बाही किती. ती त्यानं माझ्या हातात दिली आणि खाली सही करायला सांगितलं. मी आकडे पाहिले. पाहिले म्हणजे डोळ्यांखालून घातले. माझे कान छिन्नीकडे होते. मी सही केली, तो गठ्ठे गाडीत टाकून गेला, आणि मी धावत स्वयंपाकघरात आले.

टाईल्स निघाल्या तरी मशीन अडलं. भिंतीला मध्येच पोट सुटलेलं होतं. वर जात होतं, खाली जात होतं, मध्ये चार मिलिमीटर कमी. मास्तरांनी हातोडी ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. केसांत चुना, पापण्यांवर चुना. पोरासारखे रडवेले झाले होते. "होणार नाही गं हे," ते म्हणाले. "मी मोजलं होतं. साठच होतं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "अहो, एवढं पोट तेवढं खरवडा. होईल."

त्यांनी खरवडलं. हातोडी न वापरता, नुसत्या छिन्नीनं, गिलावा चिमूट चिमूट काढत. बसवणारा माणूस टॉर्च धरून उभा होता. त्यानं घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं होतं. साडेतीनला मशीन आत गेलं. कुरकुरत, दोन्ही बाजूंना कागद सरकेल एवढी फट ठेवून, पण गेलं. त्यानं नळी जोडली, पाणी सोडलं, सकाळची ताटं आत लावून मशीन सुरू करून दाखवलं आणि हात धुऊन गेला.

मशीन घुमत होतं. सासूबाई काचेतून काही दिसतंय का ते बघायला वाकल्या, काच नव्हतीच. मास्तर जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि मीही त्यांच्या शेजारी बसले. सहा महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मला हसू यायला लागलं. वाटलं, आता सांगावं. आता हसतील.

"एक सांगू? रागावू नका," मी म्हणाले. आणि इस्त्रीची, पक्कडीची, टोपीची सगळी गोष्ट सांगितली.

मास्तर आधी हसलेच. गळ्यातला टेप काढून त्यांनी पितळी टोपीवर अंगठा फिरवला. "म्हणजे कापडवाला दिलदार नव्हताच," ते म्हणाले. "एकवीस वर्षं मी त्याला नमस्कार करतोय."

"पण कुणाचं काही अडलं का?" मी म्हणाले. "अंग त्याच टेपनं, कापड त्याच टेपनं."

ते मान हलवत होते. मग मान हलायची थांबली.

"कोट," ते म्हणाले.

"कोटांचं काय?"

"मापं मी घेतली नव्हती. त्यांनी कागदावर पाठवली होती."

मला कळायला वेळ लागला नाही. ती यादी माझ्याच हातात होती, चार तासांपूर्वी. कागदावरचं माप खऱ्या टेपचं, कापड बेतलं आमच्या टेपनं, आणि अंगावर घालून कुणी पाहिलं नव्हतं. कोटाच्या प्रत्येक तुकड्यात एक सेंटिमीटर कमी. पुढचे दोन, पाठीचे दोन. बटण लावलं की छातीत चार सेंटिमीटर कमी. एकशे चाळीस जणींना श्वास घेता येणार नव्हता.

"सकाळी तो म्हणाला, एक सेंटिमीटर कमी. तेव्हाच तुला आठवलं?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"कोट नेले त्याच्या आधी."

"हो."

ते उठले, फोनपाशी गेले. मी मागून म्हणाले, माझी चूक आहे असं सांगा. त्यांनी ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. फोनवर ते म्हणाले, "माझ्या मापात चूक झाली आहे. कृपा करून सगळे परत पाठवा. परवा सकाळी देतो." तिकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं आणि मास्तर उभ्या जागी मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" करत होते. त्या माणसाला कुणापुढे असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहाच्या आत गठ्ठे परत आले. शिवणीत दोन सेंटिमीटर जादा कापड, म्हणजे माया, मास्तर नेहमी ठेवतात, तेवढा एक आधार होता. प्रत्येक कोटाच्या दोन्ही कुशींच्या शिवणी आणि पाठीची मधली शिवण उसवायची, बाह्या सुट्या करायच्या, मग पुन्हा शिवायचं. शिवणं शिलाईच्या मशीनवर होतं. उसवणं हातानंच. टाका टाका पकडून, कापडाला इजा न करता, आणि पांढऱ्यावर डाग न पाडता.

मास्तरांनी टेबल पुसलं. कोटांचे दोन ढीग केले, सत्तर इकडे, सत्तर तिकडे. एक उसवायची सुरी स्वतःपुढे ठेवली. दुसरी माझ्यापुढे.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "अरे, तिचे हात बघितलेस का?"

"बघितलेत," मास्तर म्हणाले, आणि आपल्या ढिगातला पहिला कोट उलटा करून घेतला.

मी बोटांच्या चिकटपट्ट्या घट्ट केल्या, मग पट्ट्यांमुळे टाका कळेना म्हणून काढून टाकल्या. माझ्या ढिगातला कोट ओढला आणि काखेखालची शिवण बोटांनी चाचपली. एरवी अंधारातही सापडते ती मला. दोनदा बोट फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. मग कोट उचलून दिव्याजवळ नेला आणि शिवण कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिलं.